कोंबड्याची अकरा पानं

प्रिय ताई,

अक्षर मोठं दिसेल. मुद्दाम जाड काळं पेन आणलंय आणि एकेक ओळ सोडून लिहिते आहे, त्यामुळे पाकीट जाडजूड होणार. का, ते शेवटी सांगते. आधी थर्मामीटरचं वाचन लिहायचं आणि मग निष्कर्ष, हे लॅबमध्ये तूच शिकवलंस. तोच क्रम ठेवते.

बाबांचं प्लास्टर परवा निघालं. डावा पाय उजव्यापेक्षा बराच बारीक झालाय. ते त्याला 'धाकटे चिरंजीव' म्हणतात आणि काठी टेकत त्याला मागच्या अंगणात फिरवून आणतात. फोनवर आवाज चांगला होता. कोंबडाही चांगला आहे. बाबा पडल्यावर मी तीन आठवडे घरी होते, तेव्हा तू रोज सकाळी नऊच्या आत विचारायचीस, 'आज ऑडिटर काय म्हणतात?' आता विचारणार नाहीस, तरी सांगून ठेवते.

कोंबड्याचं ऑडिटर हे नाव तूच ठेवलंस. न कळवता येतो, सगळं उकरतो, आणि एक दाणा सापडला की गाव गोळा करतो. आपल्या लॅबच्या ग्रुपवर अकरा माणसं आहेत, त्यातल्या नऊ जणांनी त्यावर हसून दाखवलं होतं. मला तो आकडा लक्षात आहे, कारण त्याआधी माझ्या कुठल्याही वाक्यावर लॅबमध्ये एका वेळी दोनपेक्षा जास्त माणसं हसल्याचं मला आठवत नाही.

तीन वर्षं मी तिथे कुणाला घरचं काही सांगितलं नव्हतं. आई कधी गेली, बाबा एकटे कसे राहतात, मी या शहरात कुणाच्या खोलीत भाड्याने राहते, काही नाही. पॅकिंगवाले काका मला 'कुलूप' म्हणतात हे मला ठाऊक होतं आणि फारसं वाईटही वाटत नव्हतं. कुलूप ही उपयोगी वस्तू आहे. वाईट तुला वाटायचं. रजेवर निघाले त्या संध्याकाळी तू मला दारापर्यंत सोडायला आलीस. म्हणालीस, "अगं, माणसं चावत नाहीत. काहीतरी सांगत जा. कोंबडी-मांजरांचं सांग, पण सांग." मी तुझं शब्दशः ऐकलं. मांजर आमच्याकडे नाही, म्हणून कोंबड्याचं सांगायला लागले.

पहिल्या दिवशी नुसती वेळ कळवली: पहिली बांग पाच वाजून चौदा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पाच सतरा. सात दिवसांचा तक्ता झाला तेव्हा सगळ्या वेळा पाच बारा ते पाच एकवीसच्या आत होत्या. काकांनी लिहिलं की आपल्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा हा बरा, यालाच प्रमाणपत्र देऊन टाका. मग मला हुरूप आला. पालथ्या घातलेल्या स्टीलच्या बादलीत स्वतःलाच बघून तो चौदा मिनिटं भांडला. शेवटी बादली आडवी झाली, तिचा आवाज झाला, तसा तो जिंकल्यासारखा आरवला, आणि दुसऱ्या दिवशी तीच बादली, तोच शत्रू, पुन्हा पहिल्यापासून. बाबा खाटेवरून म्हणाले, "मला याच्या निम्मा आत्मविश्वास असता तर मी शिडी न धरता चढलो असतो." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे तसाच चढलो होतो म्हणा." बाबांच्या डाव्या चपलेचं त्याला वेडच लागलं होतं. पाय प्लास्टरमध्ये, चप्पल दाराशी रिकामी, आणि हा दिवसातून चार वेळा येऊन तिला टोचणार. बाबांचं म्हणणं, ज्या पायाशी माझं भांडण मिटलं त्याच्या चपलेशी याने अजून धरून ठेवलंय.

हे सगळं मी लिहिलं. मी, जिचा डबासुद्धा अर्ध्या झाकणाखाली असतो. आणि सगळ्यात जास्त गाजली ती पिंपाची गोष्ट. पाण्याच्या पिंपावर फळी होती, फळीवर माझा फोन होता, ऑडिटरना त्या फळीवर उतरायचं होतं. फोन तळाला गेला. तो बाहेर काढून, पुसून, बाबांच्या शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे देऊन दुसऱ्या दिवशी चालू झाला, तेव्हा मी ग्रुपवर सगळा तपशील लिहिला. खाली पहिलं उत्तर तुझं होतं. ते आता तुला आठवतं की नाही, माहीत नाही.

परत आले त्या दिवशी काकांनी मला दारातच 'कुकूच कू' करून दाखवलं. साहेबांनीसुद्धा विचारलं, कोंबडा बरा आहे का. दुपारी जेवताना तू माझ्यासाठी जागा धरलीस आणि सगळे माझ्याकडे तोंड करून बसले. ताई, तुला तो दिवस साधा वाटला असेल. मी त्या रात्री बाबांना फोन करून सांगितलं की मला इथे माणसं आहेत.

बारा दिवसांनी तक्रार आली.

ती तुला पाठ आहे, पण मी क्रमाने लिहिते. एका रुग्णालयाने औषधांच्या फ्रिजमधले सहा थर्मामीटर आपल्याकडे तपासायला पाठवले होते. त्यातले दोन दीड अंश जास्त दाखवत होते आणि आपल्या प्रमाणपत्रात ते अचूक आहेत असं म्हटलं होतं. तिथल्या परिचारिकेने त्यावर विश्वास ठेवून फ्रिज जरा जास्त गार केले. दोन फ्रिजमधली औषधं गोठली. कुणाला टोचायच्या आधी लक्षात आलं, म्हणून फक्त फेकावी लागली.

प्रमाणपत्रावर नेहमीप्रमाणे दोन नावं होती. वाचन तुझं, तपासणी माझी. आपल्याकडचा पहिला नियम: ज्याने वाचलं त्याने स्वतःचं तपासायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी तुला विचारलं होतं, आपण नीटच वाचलं असेल तर दुसरा कशाला? तू म्हणालीस, "आपल्या डोळ्यांना आपलीच बाजू घ्यायची खोड असते." मी ते वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.

रजेवर असताना मी घरून तपासणी करायची असं ठरलं होतं. तू थर्मामीटरचा फोटो आणि वाचनाचा आकडा कॉम्प्युटरवर टाकणार, मी फोनवरून बघून मंजुरी देणार. साहेबांनी परवानगीही दिली होती. निघायच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "बाबांकडे बघशील की फोनकडे? पासवर्ड देऊन ठेव, मी करत जाईन." मी दिला. एका चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, तुझ्या ड्रॉवरमध्ये भिंगाखाली ठेवला. तो देणं ही माझी चूक आहे. ती मी चौकशी समितीला दिलेल्या उत्तरात पहिल्याच परिच्छेदात लिहिली आहे, एकही सबब न जोडता. तिच्यासाठी माझी नोकरी गेली तर ते नियमाने होईल.

मला धरून ठेवायचंय ते पुढचं. साहेबांनी तुला विचारलं की असं कसं झालं. तू म्हणू शकली असतीस की दोन्ही सह्या मीच केल्या. म्हणू शकली असतीस की आठवत नाही. तू दोन पानांचा खुलासा लिहिलास आणि त्याला पुरवणी जोडलीस. मला गेल्या सोमवारी त्याची प्रत मिळाली, लॅबच्या कॉम्प्युटरवरचं माझं खातं बंद करून घरी बसायला सांगितलं तेव्हा. त्यात एक वाक्य आहे: 'सदर सहकारी रजेच्या काळात घरगुती करमणुकीत मग्न असल्याने तिने फोटो न पाहता मंजुरी दिली असावी, सोबत पुरवणी क्रमांक तीन पाहावी.' पुरवणी क्रमांक तीन म्हणजे कोंबडा. अकरा पानं. बांगेचा तक्ता, बादली, चप्पल, बाबांचं बोलणं, सगळं छापून, पिवळ्या रंगाने रेघा मारून.

मी रडले नाही. मी पानं मोजली, मग प्रत्येक पानावरच्या पिवळ्या रेघा मोजल्या, चौतीस भरल्या. मग उठून भांडी घासली. घासून झालेलीच पुन्हा घासली हे नंतर लक्षात आलं. बाबांचं ते शिडीचं वाक्य समितीच्या तीन माणसांनी टेबलावर ठेवून वाचलं असेल, एकाने दुसऱ्याला दाखवलं असेल. बाबा काही मला करमणूक म्हणून पडले नव्हते. तूच 'सांग' म्हणालीस म्हणून मी सांगितलं, आणि मी सांगितलेलं तू फाईलला लावलंस. कुणा परक्याने केलं असतं तर मी एवढी पानं खर्ची घातली नसती.

दोन दिवस मी फक्त रागावलेली होते. तिसऱ्या दिवशी मी पुरवणी तपासली, तू शिकवल्यासारखी, पहिल्या शब्दापासून. पान सात काढ. पिंपाची गोष्ट. तारीख गुरुवारची आहे आणि पहिलीच ओळ अशी: 'काल सकाळी आठ दहा ते आज दुपारी तीन माझा फोन पाण्यात आणि नंतर दुरुस्तीत होता, कारण ऑडिटर.' काल म्हणजे बुधवार. त्या सहा थर्मामीटरना माझ्या नावाने मंजुरी मिळाली ती बुधवारी सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी. लॅपटॉप तर मी लॅबच्या कपाटातच ठेवून गेले होते, किल्ली तुझ्याकडे. आणि खाली तुझं उत्तर छापलेलं आहे: 'अगं, तरीच! काल अकरापासून तीनदा लावला तुझा फोन.'

तुझ्याच हाताने जोडलेल्या पुरवणीत माझा पुरावा आहे, ताई. तू ती पानं निवडलीस आणि तूच ती तपासलीस. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांखालून घातली असतीस तर पान सात तिथे राहिलं नसतं.

इथे थांबले असते तर हे पत्र लिहायची गरज नव्हती. पान सात येत्या सोमवारी समितीपुढे ठेवलं की माझं काम झालं असतं. पण मी त्या पिवळ्या रेघांकडे पुन्हा पाहिलं. तू रेघ पट्टी लावून मारतेस, आयुष्यात कधी हाताने ओढली नाहीस. चौतीसही रेघा सरळ आहेत. आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या ओळीच्या अर्धी ओळ खाली आहेत. शब्द वर, रंग खाली, मधल्या कोऱ्या जागेवर.

मग मला त्या चुकलेल्या थर्मामीटरचा फोटो आठवला, जो मी चौकशीच्या कागदांत पहिल्यांदा पाहिला. पारा साडेसहावर आहे. स्वच्छ, शंका घेण्यासारखं काही नाही. तू पाच लिहिलंस, कारण थर्मामीटर बुडवतो त्या टाकीतलं पाणी पाच अंशावर होतं आणि तिथेच पारा असायला हवा होता. तुझ्या डोळ्यांनी तुझी बाजू घेतली.

गेलं वर्षभर तू भिंग माझ्याकडे सरकवतेस. "बघ गं जरा, तुझे डोळे तरुण आहेत." आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग रोज. मी आकडा सांगायची, तू लिहायचीस, आणि मग तपासणीत मी माझाच आकडा तपासायची. नियम तिथेच मोडला होता आणि मी ते जाणून गप्प बसले. तू जिन्यावर पायाने पायरी चाचपतेस. काका बोलल्याशिवाय तुला ते काका आहेत हे कळत नाही, आणि तू ते हसून झाकतेस. तुझ्या ड्रॉवरमध्ये भिंगाच्या मागे डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या आहेत, त्यांवर वेळांच्या चिठ्ठ्या, अक्षर भावोजींचं. मी तिथे पासवर्ड ठेवायला गेले तेव्हाच पाहिल्या. चष्मा पुढच्या महिन्यात बदलते, असं तू मला चार वेगवेगळ्या महिन्यांत सांगितलंस. मी कधी विचारलं नाही. कुलूप आहे ना मी. पण मी तुला कोंबडा सांगितला, ताई, बाबा सांगितले. तू मला डोळे सांगितले नाहीस.

त्या बुधवारी तुला शंका आली होती. नाहीतर तीनदा फोन लावला नसतास. तुला मी तो फोटो बघायला हवी होते, हे मला आता कळतं, आणि खरं सांगायचं तर त्या फळीवर मी फोन ठेवायला नको होता असं मला दोन दिवस वाटत राहिलं. पण शेजारच्या टेबलावर दोन माणसं बसलेली होती. काका दारात होते. फोटो दोन बोटांनी मोठा केला असतास तरी चाललं असतं. तू त्यातलं काही केलं नाहीस, कारण कुणाला हाक मारली असती तर का मारली ते सांगावं लागलं असतं. म्हणून तू अकरा बावीसला माझ्या नावाने सही केलीस, आणि महिन्याभराने तीच सही माझ्या गळ्यात घातलीस. पहिली भीती मी समजू शकते. दुसरी नाही. मी समजायचा प्रयत्न चार वेळा केला.

आता जे खरं महत्त्वाचं आहे ते. समितीला वाटतंय की चूक तपासणाऱ्या मुलीच्या हलगर्जीपणाची आहे, एका दिवसाची, सहा थर्मामीटरची. म्हणून त्यांनी ते सहाच परत मागवले आणि त्यांचेच फोटो पाहिले. पण माझ्या रजेच्या तीन आठवड्यांत तू एकटीने त्रेचाळीस थर्मामीटर पास केलेस. हा आकडा तुझ्याच खुलाशात आहे, काम किती होतं हे दाखवायला तू तो दिलास. सहा गेले, सदतीस उरले. ते आत्ता या घटकेला कुठल्या तरी दवाखान्यांच्या फ्रिजमध्ये लटकताहेत आणि कुणीतरी त्यांच्याकडे बघून मान डोलावते आहे. त्यांतले कदाचित सगळे बरोबर असतील. कदाचित दोन नसतील. वाचणाऱ्यालाच दिसत नव्हतं हे कुणी सांगितल्याशिवाय ते परत येणार नाहीत, आणि हे जाणणारी लॅबमध्ये दोनच माणसं आहेत. रजिस्टर तुझ्याकडे आहे. माझं खातं बंद आहे.

म्हणून हे पत्र. सोमवारी अकरा वाजता मला समितीपुढे बोलवलंय. पान सात मी नेणारच आहे, त्यात बदल नाही. पण ते दाखवल्यावर पुढचा प्रश्न येईल की मग ताईंनी असं का केलं, आणि तेव्हा मी खरं उत्तर देईन. ते त्यांनी आधी तुझ्याकडून ऐकावं असं मला वाटतं. रविवारी संध्याकाळपर्यंत साहेबांना फोन कर, ते सदतीस मागवायला सांग, आणि का ते तुझ्या तोंडाने सांग. एकटीला जमत नसेल तर मला बोलव, मी शेजारी बसेन, काही बोलणार नाही. याचा अर्थ मी विसरले असा घेऊ नकोस. तू मला जेवताना जागा धरलीस तो दिवस मला आता नीट आठवताच येत नाही. आठवायला गेलं की त्यावर पिवळी रेघ दिसते. हे मी टाईप करून फोनवर पाठवू शकले असते. पण फोनवरचं तू आता भावोजींकडून वाचून घेतेस, हे मला ठाऊक आहे, आणि यातलं काही तुला दुसऱ्याच्या आवाजात ऐकावं लागू नये असं वाटलं. म्हणून जाड पेन, मोठं अक्षर, मधे एकेक ओळ मोकळी. खिडकीपाशी धरलंस तर तुझं तुला वाचता येईल. मी खोलीतला दिवा अर्धा करून, कागद हातभर लांब धरून दोनदा वाचून पाहिलंय. पण माझं लिहिलेलं मीच तपासलंय, तेव्हा कुठे चुकलं असेल तर तू सांग.

तुझीच,
दुसरी सही